सर्दीवरचा काढा: पुरावा कुठवर पोहोचला?

ऑक्टोबर २०२५च्या सुरुवातीला नागपूरच्या रुग्णालयांत मूत्रपिंडं निकामी झालेली लहान मुलं दाखल होत होती. बहुतेक मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया भागातली. आजाराची सुरुवात साध्या सर्दी-तापानं झाली होती आणि त्यावर कोल्ड्रिफ नावाचं सिरप दिलं गेलं होतं. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळलं. वीसहून अधिक मुलं दगावली. ३ ऑक्टोबरला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं राज्यांना कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांनाही ती सहसा देऊ नयेत.

मग द्यायचं काय? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर घरात तयार असतं. आल्याचा रस आणि मध, तुळशीचा काढा, अडुळशाचं पान, गरम तव्यावर शेकलेली ओव्याची पुरचुंडी, हळदीचं दूध. नागपूरच्या इतवारी किराणा बाजारात सुंठ, मिरी, पिंपळी, ज्येष्ठमध एकाच दुकानात मिळतं. ग्रेट नाग रोडवर बैद्यनाथचा कारखाना आहे, शहरात आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेची प्रादेशिक संस्था आहे, आणि ‘मेडिकल’ व ‘मेयो’ ही दोन मोठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयंही आहेत. सर्दीवरच्या वनौषधींचा खरेपणा तपासायला लागणारं बरंचसं या एकाच शहरात आहे.

एक गोष्ट आधीच नोंदवायला हवी. छिंदवाड्याची मुलं ‘अ‍ॅलोपथी’नं गेली नाहीत. ती गेली भेसळीच्या द्रावकानं आणि न झालेल्या तपासणीनं. उत्पादनाच्या दर्जाचा तोच प्रश्न वनस्पतींच्या सिरपालाही विचारावा लागतो. म्हणून त्या घटनेवरून काढ्याच्या बाजूनं काहीच सिद्ध होत नाही. काढ्याचा पुरावा वेगळाच शोधावा लागतो, आणि तो कुठं आहे, कुठं नाही, हे पाहणं हा या लेखाचा हेतू.

मोजायची अडचण

सर्दी हा एक आजार नाही. दोनशेहून अधिक विषाणू ती घडवतात, त्यात रायनोव्हायरसचा वाटा सगळ्यांत मोठा. प्रौढांना वर्षातून दोन-चार वेळा, लहान मुलांना सहा-आठ वेळा ती होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला जातो आणि सात ते दहा दिवसांत माणूस आपोआप बरा होतो. खोकला मात्र कधीकधी तीन आठवडे रेंगाळतो.

सगळी मेख इथेच आहे. माणूस औषध कधी घेतो? अगदी असह्य झालं की, म्हणजे नेमकं त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्यानंतर उतार पडणारच असतो. त्यामुळे त्या दिवशी जे काही घेतलं त्याला गुण आल्यासारखं वाटतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव खोटा नसतो, पण ‘काढा घेतला आणि बरं वाटलं’ या अनुभवातून काढ्याचा वाटा वेगळा काढता येत नाही. त्यासाठी काढा न घेतलेल्या माणसांचा गट शेजारी लागतो.

हे किती नाजूक आहे ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या २०१० सालच्या एका चाचणीत दिसलं. एकिनेशिया ही तिकडची सर्दीवरची सगळ्यांत गाजलेली वनस्पती. ब्रूस बॅरेट आणि सहकाऱ्यांनी ७१९ सर्दीग्रस्तांचे चार गट केले. एका गटाला काहीच दिलं नाही. दोन गटांना गोळी दिली, पण ती खरी की नकली हे सांगितलं नाही. चौथ्याला एकिनेशिया सांगून दिली. चारही गटांची सर्दी सरासरी साडेसहा ते सात दिवसांच्या आसपास टिकली, आणि गटांमधला फरक ठामपणे दाखवता आला नाही. पण पुढच्या विश्लेषणात एक गोष्ट हाती लागली. एकिनेशियावर ज्यांचा आधीपासून पक्का विश्वास होता अशा १२० जणांपैकी ज्यांना नकली गोळी मिळाली, त्यांची सर्दी गोळी न मिळालेल्यांपेक्षा अडीच दिवस आधी संपली.

याचा अर्थ विश्वासानंच सगळं होतं असा नाही. एका चाचणीतल्या एका उपगटाचा तो निष्कर्ष आहे. पण सर्दीच्या कोणत्याही उपायाची, मग तो आजीचा असो वा औषध कंपनीचा, तुलना ‘काहीच नाही’शी केली तर विश्वासाचा हा वाटा औषधाच्या खात्यात जमा होतो. भारतातल्या वनौषधींच्या अनेक अभ्यासांत तुलनेचा गटच नसतो. पुढचं वाचताना ही चाळणी हाताशी ठेवावी लागेल.

ग्रंथांतला प्रतिश्याय

आयुर्वेदात सर्दीला प्रतिश्याय म्हटलं आहे. चरकसंहितेत तो चिकित्सास्थानाच्या २६व्या अध्यायात येतो आणि दोषांनुसार त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. सुश्रुतानं उत्तरतंत्रात त्याला स्वतंत्र, २४वा अध्याय दिला आणि रक्तज हा पाचवा प्रकार जोडला. आजच्या वाचकाला महत्त्वाचा वाटावा असा भेद सुश्रुतात आहे: अपक्व आणि पक्व प्रतिश्याय. पाण्यासारखं नाक वाहणारी सुरुवातीची अवस्था आणि स्राव घट्ट झाल्यानंतरची अवस्था, यांचे उपचार वेगळे. अपक्व अवस्थेत शेक आणि उष्ण आहार, पक्व अवस्थेत दोष बाहेर काढण्याचे उपाय. म्हणजे ‘सर्दीला हे द्या’ असा सरसकट सल्ला मूळ ग्रंथांतही नाही.

औषधी योगांमध्ये त्रिकटू, म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी, आणि सितोपलादी चूर्ण सगळ्यांच्या परिचयाचे. सितोपलादीत खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची आणि दालचिनी १६:८:४:२:१ अशा उतरत्या प्रमाणात असतात. हा योग चरकात राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयासारख्या आजाराच्या संदर्भात येतो. आज तो पडशापासून डांग्या खोकल्यापर्यंत कशालाही दिला जातो. ग्रंथाचा आधार आहे असं म्हणताना तो नेमका कोणत्या अवस्थेसाठी आहे, हे विचारायला हरकत नसावी. शिवाय या चूर्णात निम्म्याहून अधिक साखर आहे, हे मधुमेहींना क्वचितच सांगितलं जातं.

अलीकडचा टप्पा २०२०चा. कोविडच्या काळात आयुष मंत्रालयानं ‘आयुष क्वाथ’ जाहीर केला: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. घराघरातल्या काढ्याला त्यामुळे पहिल्यांदाच एक ठरावीक प्रमाण मिळालं. संशोधनाच्या दृष्टीनं ही मोठी सोय होती, कारण प्रमाण ठरल्याशिवाय चाचणी करताच येत नाही.

स्वयंपाकघरातले उपाय चाचणीला बसले तेव्हा

सगळ्यांत भक्कम पुरावा मधाचा आहे. मध ही वनस्पती नव्हे, पण आपल्याकडचा कुठलाही चाटण-काढा त्याच्याशिवाय पुरा होत नाही, म्हणून त्याला या आढाव्यात जागा हवी. मुलांच्या खोकल्यावर मध या विषयावर कोक्रेन या संस्थेनं २०१८ साली ६ चाचण्या आणि ८९९ मुलांचा आढावा घेतला. काही न देण्यापेक्षा मधानं खोकला बहुधा कमी होतो, आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन या नेहमीच्या औषधाच्या तुलनेत तो कमी पडत नाही, असा त्याचा सूर आहे. इस्रायलमधली २०१२ची एक चाचणी मला विशेष वाटते. तिथं १ ते ५ वर्षांच्या ३०० मुलांना झोपण्यापूर्वी तीन प्रकारचे मध किंवा मधासारखाच गोड, दाट, तपकिरी खजुराचा अर्क दिला. म्हणजे तुलना गोडव्याची गोडव्याशी झाली. तरीही मध सरस ठरला. परिणाम मोठा नाही. रात्रीची उबळ कमी, झोप थोडी बरी. पण आजारी मुलाच्या घरात शांत झोप ही लहान गोष्ट नाही. एका वर्षाखालच्या बाळाला मात्र मध देऊ नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो, आणि बाळगुटीच्या निमित्तानं मध चाटवण्याची पद्धत अजून गेलेली नाही.

दुसरा उपाय गरम पेयाचा. ब्रिटनमधल्या कार्डिफच्या सर्दी संशोधन केंद्रात रॉन एकल्स यांनी २००८ साली ३० सर्दीग्रस्तांवर फळांच्या गरम आणि साध्या तापमानाच्या सरबताची तुलना केली. नाकातून जाणारी हवा यंत्रानं मोजली तर दोन्हींत फरक नव्हता. पण गरम सरबतानं वाहणारं नाक, खोकला, शिंका, घसादुखी, हुडहुडी आणि थकवा, सगळ्यांत लगेच आराम वाटला. साध्या तापमानाच्या सरबतानं घसा, हुडहुडी आणि थकवा यांत आराम वाटला नाही. हा अभ्यास लहान आहे, पण काढ्याबद्दल तो एक मूलभूत प्रश्न उभा करतो: आपल्याला बरं वाटतं ते तुळशीमुळे, की कपातल्या ऊन पाण्यामुळे? या प्रश्नाला उत्तर देणारी चाचणी म्हणजे ज्यात दोन्ही गटांना गरम, तिखट, कडसर पेय मिळेल आणि फक्त एकात वनस्पती असेल.

पुदिना किंवा मेंथॉलचंही असंच. मेंथॉल नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं, त्यामुळे नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. वाट मात्र तेवढीच अरुंद असते. डोक्यावर पांघरूण घेऊन वाफ घेण्यावर भारतातच, चंडीगडच्या संशोधकांनी, कोक्रेनचा आढावा केला आहे. सहा चाचण्या, ३८७ माणसं, आणि सातत्यानं दिसणारा फायदा नाही. वाफेत निलगिरी वा ओवा घातल्यानं हिशेब किती बदलतो हे वेगळं तपासावं लागेल. भाजण्याचा धोका मात्र खरा आहे, विशेषतः मुलांना.

गुळण्या आणि जलनेती यांची बाजू थोडी बरी. जपानमध्ये ३८७ निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या चाचणीत साध्या पाण्याच्या गुळण्या करणाऱ्यांना सर्दी ३६ टक्के कमी झाली, आणि गंमत म्हणजे जंतुनाशक घातलेल्या पाण्यानं तेवढा फायदा झाला नाही. एडिनबरोत ६६ प्रौढांवरच्या एका प्राथमिक चाचणीत मिठाच्या पाण्यानं नाक धुणं व गुळण्या यामुळे सर्दी सुमारे दोन दिवस आधी आटोपली. संख्या लहान आहे आणि कोण काय करतंय हे सहभागींना माहीत होतं, तरी दिशा आश्वासक आहे.

एकेका वनस्पतीचा हिशेब

सर्दीच्या लक्षणांवर सर्वाधिक माणसांवर तपासलेली भारतीय वनस्पती तुळस नाही. ती आहे कालमेघ, कोकणातलं ओलं किराईत. २०१७च्या एका आढाव्यात ३३ चाचण्या आणि ७,१७५ रुग्ण होते. खोकला आणि घसादुखी नकली औषधापेक्षा कालमेघानं अधिक कमी झाली. पण त्यातल्या अनेक चाचण्यांचा दर्जा बेताचा, आणि काहींत कालमेघ एकटा नव्हता, इतर वनस्पतींसोबत होता. थायलंडमध्ये त्याचा सरकारी पातळीवर वापर झाला. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकानं त्याच्या तीव्र अ‍ॅलर्जीबद्दल इशारेही दिले. आपल्याच रानातल्या या कडू झुडपावर बहुतेक काम बाहेर झालं, याचं मला वाईट वाटतं.

एकिनेशियावर २०१४च्या कोक्रेन आढाव्यात २४ चाचण्या आणि ४,६३१ माणसं होती. उपचार म्हणून ठोस फायदा दिसला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या पेलार्गोनियमच्या मुळाच्या अर्कानं खोकला व सायनसच्या त्रासात थोडा आराम दिसतो, पण बहुतेक चाचण्या उत्पादकानंच केलेल्या आणि युक्रेन-रशियात झालेल्या. लसणीवर कोक्रेनला विचारात घेण्याजोगी एकच चाचणी सापडली: १४६ माणसं, तीन महिने. लसणीच्या गटात २४ सर्द्या, दुसऱ्या गटात ६५. हे प्रतिबंधाबद्दल आहे. सर्दी झाल्यावर लसूण खाऊन काय होतं, याबद्दल त्यातून काही कळत नाही. संत्र्याच्या शहरात ‘क’ जीवनसत्त्वाचा उल्लेख टाळता येत नाही. २९ चाचण्यांमधल्या ११,३०६ माणसांवरून दिसतं की रोज नियमित घेतल्यास सर्वसामान्यांची सर्दी टळत नाही, फक्त तिचा कालावधी प्रौढांत ८ आणि मुलांत १४ टक्के घटतो.

अडुळशाची गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसिन या अल्कलॉइडपासून प्रेरणा घेऊन १९६०च्या दशकात ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, आणि त्याच्या चयापचयातून मिळालेलं अँब्रोक्सोल आज अनेक कफ सिरपांत असतं. म्हणजे आधुनिक औषधशास्त्रानं अडुळसा मान्य केला, पण रेणू काढून घेऊन. खुद्द अडुळशाच्या स्वरसावर मोठी, नियंत्रित चाचणी क्वचितच. आर्मेनियातल्या सुमारे शंभर रुग्णांच्या एका चाचणीत अडुळसा होता, पण एकिनेशिया आणि आणखी एका वनस्पतीसोबत. त्यातला अडुळशाचा वाटा कसा काढणार?

ज्येष्ठमधाचा सगळ्यांत चांगला पुरावा अनपेक्षित ठिकाणी आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी घशात नळी घातल्यामुळे नंतर होणाऱ्या घसादुखीवर लखनौच्या भूलतज्ज्ञांनी २००९ साली ४० रुग्णांना ज्येष्ठमधाच्या गुळण्या दिल्या. घसादुखी लक्षणीय कमी झाली. २०१३ साली युरोपातल्या मोठ्या चाचणीत, २३६ रुग्णांत, तेच दिसलं. विषाणूंच्या घसादुखीलाही हे लागू पडेल असा कयास रास्त आहे, पण तो कयासच.

तुळशीबद्दल माणसांवरच्या २४ अभ्यासांचा आढावा २०१७ साली निघाला. बहुतेक अभ्यास मधुमेह, ताण, चयापचय यांवरचे. दिल्लीच्या एम्सनं २४ निरोगी स्वयंसेवकांना चार आठवडे तुळशीचा अर्क देऊन रोगप्रतिकारक पेशींत वाढ दाखवली. ती वाढ म्हणजे सर्दी लवकर बरी होणं नव्हे. सगळ्यांच्या अंगणातल्या वनस्पतीवर, सगळ्यांना होणाऱ्या आजारासाठी, इतकं थोडं काम झालेलं आहे.

आल्याबद्दल तैवानचा २०१३चा प्रयोगशाळेतला निष्कर्ष आपल्या बाजारासाठी महत्त्वाचा: श्वसनमार्गाच्या मानवी पेशींमध्ये ताज्या आल्याच्या अर्कानं आरएसव्ही या विषाणूला अटकाव केला, सुक्या आल्यानं केला नाही. आपण आलं आणि सुंठ एकमेकांच्या जागी सहज वापरतो. आयुर्वेदही दोघांचे गुण वेगळे मानतो. अर्थात परीक्षानळीतली मात्रा कपात उतरत नाही.

हळद हा सगळ्यांत गुंतागुंतीचा विषय. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते तिच्यातल्या कुर्क्युमिनच्या जास्त प्रमाणामुळे. पण कुर्क्युमिन पोटातून रक्तात जवळपास जातच नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स महाविद्यालयानं १९९८ साली दाखवलं की मिरीतलं पायपरिन सोबत दिलं तर रक्तातलं प्रमाण वीसपट वाढतं. हळदीच्या दुधात चिमूटभर मिरी घालण्याची चाल या निष्कर्षाशी जुळते. मात्र २०१७ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी कुर्क्युमिनवरच्या शंभराहून अधिक चाचण्या तपासून सांगितलं की हा रेणू प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना चकवतो, आणि दुहेरी अंध चाचणीत, म्हणजे कुणाला काय दिलं हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसताना, तो खात्रीनं यशस्वी झालेला नाही. सर्दीसाठी तर हळदीची थेट परीक्षा जवळपास झालेलीच नाही.

नागपूर-वर्ध्यात झालेलं काम

या विषयात नागपूरचं स्वतःचं एक योगदान आहे आणि ते विसरलं गेलं आहे. २००५ साली ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात नागपूरच्या औषधशास्त्र आणि कान-नाक-घसा विभागांतल्या डॉक्टरांचा गुळवेलीवरचा शोधनिबंध आला. अ‍ॅलर्जीच्या सर्दीचे ७५ रुग्ण, आठ आठवडे, खरी किंवा नकली गोळी, आणि कुणाला काय मिळालं हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. सुरुवातीला आणि शेवटी रक्त तपासलं, नाकाच्या स्रावातल्या पेशी मोजल्या. गुळवेल घेणाऱ्या ८३ टक्के रुग्णांच्या शिंका पूर्ण थांबल्या, ६९ टक्क्यांचं नाक वाहणं, ६१ टक्क्यांचं नाक चोंदणं. नकली गोळीच्या गटात ७९ टक्क्यांना शिंकांत काहीच आराम नव्हता.

रचना चोख आहे, त्यामुळे हा अभ्यास आदरानं वाचावा लागतो आणि बारकाईनंही. अ‍ॅलर्जीची सर्दी आणि विषाणूची सर्दी हे दोन वेगळे आजार आहेत. एकात शरीराची प्रतिक्रिया जास्त झालेली असते, दुसऱ्यात संसर्ग असतो. या निकालावरून गुळवेल पडशाला चालते असं म्हणता येत नाही. दुसरं, परिणाम इतका मोठा आहे, आणि नकली गोळीवर इतक्या कमी जणांना बरं वाटलं आहे, की तो दुसऱ्या हातांनी, दुसऱ्या शहरात, अधिक रुग्णांवर पुन्हा दिसायला हवा. ७५ रुग्णांच्या एका अभ्यासावर थांबता येत नाही. पण दोन दशकांपूर्वी, इथल्या सरकारी व्यवस्थेत, अशी चाचणी होऊ शकली हे त्यानं दाखवून दिलं.

दुसरं काम वर्ध्याचं. आयुष-६४ हे केंद्रीय परिषदेनं १९८०च्या सुमारास मलेरियासाठी विकसित केलेलं औषध: सप्तपर्ण, कुटकी, चिरायता आणि सागरगोटा. कोविडच्या काळात त्याची चाचणी लखनौ, मुंबई आणि वर्ध्याच्या दत्ता मेघे संस्थेत झाली. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी तिचं समन्वयन केलं. सौम्य ते मध्यम आजाराचे १४० रुग्ण, निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत आयुष-६४. त्या गटाला लवकर बरं वाटलं. पण नकली गोळी नव्हती, कोण काय घेतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. विस्कॉन्सिनचा अनुभव पाहता ही त्रुटी किरकोळ म्हणता येत नाही.

भूमिका

वैद्यांचा मुख्य आक्षेप असा: एकच वनस्पती सगळ्यांना, एकाच मात्रेत देऊन पाहणं हा आयुर्वेदच नव्हे. प्रकृती, ऋतू, अवस्था पाहून औषध बदलतं. सुश्रुतातला अपक्व-पक्व भेद पाहिला तर हा आक्षेप पोकळ नाही. त्यांचं दुसरं म्हणणं असं की हजारो वर्षांचा वापर हाही पुरावाच आहे. कायद्यानंही ते काही अंशी मान्य केलं आहे. औषध नियमांतल्या १५८-बी या नियमानुसार ग्रंथोक्त औषधाला ग्रंथातल्याच उपयोगासाठी परवाना घेताना परिणामकारकतेची नवी चाचणी लागत नाही.

औषधशास्त्रज्ञांचं उत्तर असं की वापर दीर्घ असला तरी आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारात तो काहीच सिद्ध करत नाही. व्यक्तिनिहाय उपचारही चाचणीत बसवता येतात. कोइम्बतूरला आमवाताच्या ४३ रुग्णांवर वैद्यांनी स्वतः निवडलेली औषधं आणि मेथोट्रेक्सेट हे आधुनिक औषध यांची दुहेरी अंध तुलना २०११ साली प्रसिद्ध झाली. तिथं वैद्याचं स्वातंत्र्य राखलं आणि शास्त्राची शिस्तही. औषधशास्त्रज्ञांच्या बाजूच्या प्रामाणिक डॉक्टरांना हेही मान्य आहे की सर्दीवरची त्यांची स्वतःची औषधं फारशी भक्कम नाहीत. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं १६ विरुद्ध ० मतांनी सांगितलं की तोंडानं घेतलेलं फिनाइलेफ्रिन नाक मोकळं करत नाही. आपल्याकडच्या असंख्य सर्दीच्या गोळ्यांत ते आजही आहे.

तिसरी वाट महाराष्ट्रातच आखली गेली. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य यांनी मांडलेला ‘उलट औषधशास्त्रा’चा विचार सांगतो की वापरात असलेल्या औषधाच्या बाबतीत क्रम उलटा घ्यावा: आधी रुग्णांवरचं निरीक्षण, मग नियंत्रित चाचणी, शेवटी रेणू आणि यंत्रणा. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी गुळवेलीवर याच वृत्तीनं काम केलं. मला ही वाट सर्वांत न्याय्य वाटते, कारण ती परंपरेला प्रश्न विचारण्याचा हक्क देते आणि उत्तर ऐकायलाही लावते.

सुरक्षिततेची बाजू

‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही’ हे विधान पुराव्यापुढे टिकत नाही. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. अडुळसा गर्भाशयाला चेतवू शकतो, म्हणून गरोदरपणात टाळावा. मिरीतलं पायपरिन फेनिटॉइन, प्रोप्रानोलोल, थिओफिलिन यांसारख्या औषधांची रक्तातली पातळी वाढवतं. अपस्माराच्या वा दम्याच्या रुग्णानं रोज दोन-तीन काढे पिण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. २००४ साली बोस्टनमध्ये विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं होतं.

सर्वाधिक वाद गुळवेलीवर झाला. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान गुळवेल घेतलेल्या सहा जणांना यकृताचा दाह झाल्याचं प्रसिद्ध केलं. पुढच्या बहुकेंद्री अभ्यासात ही संख्या ४३ झाली. आयुष मंत्रालयाचा प्रतिवाद होता की वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात असू शकते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. लाखो लोकांनी घेतलेल्या वनस्पतीचे थोडे रुग्ण म्हणजे धोका दुर्मीळ आहे. पण ज्यांना आधीच स्वयंप्रतिकारक आजाराची प्रवृत्ती आहे त्यांना तो खरा असू शकतो. आणि बाजारात कोणती जात विकली जाते हे ग्राहकाला कळत नसेल, तर तो दोष रुग्णाचा नाही.

अजून न सुटलेलं

एका घरातला काढा दुसऱ्या घरासारखा नसतो. पानं किती, पाणी किती, किती उकळलं, आलं की सुंठ. आयुष क्वाथाचं प्रमाण ठरल्यावर हा अडसर दूर व्हायला हवा होता, पण ते प्रमाण साध्या सर्दीच्या नियंत्रित चाचणीत उतरवणं हे खरं काम आहे. दुसरं, परदेशी चाचण्यांत लक्षणं मोजायला तपासून घेतलेल्या प्रश्नावल्या असतात. ‘डोकं जड’, ‘घसा खवखवतो’, ‘छाती भरली’ असं सांगणाऱ्या रुग्णासाठी ती प्रश्नावली मराठीत आणि इथल्या बोलीत तपासून घ्यावी लागेल. तिसरं, आजवर बहुतेक अभ्यासांत सर्दी केवळ लक्षणांवरून ठरवली. कोविडनंतर विषाणू ओळखणाऱ्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आल्या आहेत. कोणता विषाणू, कोणत्या दिवशी, हे आता नोंदवता येईल. पैशाचा प्रश्नही आहे. तुळशीवर कुणाचं पेटंट नाही, त्यामुळे खासगी कंपनी तिच्या मोठ्या चाचणीवर खर्च करणार नाही. तो सार्वजनिक निधीतूनच व्हावा लागेल.

अशी चाचणी कशी असेल हे सांगणं कठीण नाही. नागपूरचा डिसेंबर-जानेवारी, पहिल्या दोन दिवसांतले सर्दीग्रस्त प्रौढ, आणि चार गट: काहीच नाही, नुसतं गरम पाणी, काढ्यासारखीच चव आणि रंग असलेलं गरम पेय, आणि प्रमाणित काढा. पहिल्या दोन गटांतल्या फरकानं उष्णता आणि विश्वास यांचा मिळून वाटा कळेल, शेवटच्या दोनमधल्या फरकानं वनस्पतीचा. अपक्व-पक्व अवस्था वैद्यांनी नोंदवावी, विषाणू प्रयोगशाळेनं.

लहान मुलांचा प्रश्न मात्र याहून अवघड राहतो. एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी मधाखेरीज कुठल्याही घरगुती उपायाची तपासलेली मात्रा जवळपास उपलब्ध नाही. मात्रा ठरवायची तर मुलांवरच चाचणी करावी लागते, आणि ऑक्टोबर २०२५ नंतर कोणत्या पालकाकडे त्यासाठी संमती मागायची आणि कोणत्या शब्दांत, हे वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही अजून ठरवायचं आहे.